डावे आणि उजवे सुवर्णकण

उजव्या हाताचा हातमोजा डाव्या हातात नीट बसत नाही. दोन्ही हात परस्परांची प्रतिबिंबे असली, तरी ते एकरूप नव्हेत. अशीच डावी-उजवी घडण रेणूंतही असते, हे १८४८ साली लुई पाश्चर ह्यांनी टार्टारिक आम्लाच्या क्षारावरून दाखविले. एकाच पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशाची पातळी एका घडणीचे द्रावण उजवीकडे वळवी, तर दुसरीचे डावीकडे.

धातूच्या सूक्ष्म कणांना ही घडण देण्याची एक सुंदर रीत २०१८ साली सोल राष्ट्रीय विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. सोन्याचे बीजकण सुवर्णक्षाराच्या द्रावणात सोडून त्यांच्यावर सोन्याचे थर चढवावयाचे आणि त्याच वेळी सिस्टीन ह्या अमिनो आम्लाचा अल्पांश मिसळावयाचा. सिस्टीनचे रेणू कणाच्या ठराविक पृष्ठांना चिकटतात. त्यामुळे वाढ असमान होते व कडांना पीळ पडतो. उलट घडणीचे सिस्टीन घेतल्यास पीळही उलटा पडतो.

सोन्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकजुटीने आंदोलन पावतात. म्हणून हा परिणाम साध्या रेणूंपेक्षा पुष्कळच प्रबळ असतो. औषधाच्या रेणूची एक घडण गुणकारी, तर दुसरी निरुपयोगी किंवा अपायकारकही ठरू शकते. तो भेद अल्प प्रमाणातही ओळखण्याच्या कामी हे पिळदार कण उपयोगी पडतील, अशी आशा आहे.