अपस्मार आणि अनुवंश

वर्गांत एखादा मुलगा एकाएकीं कोसळतो, हातपाय झाडूं लागतो, तोंडास फेंस येतो. आणि घाबरलेल्या मंडळींपैकीं कोणी त्यास कांदा हुंगवितो, तर कोणी चामड्याचा जोडा नाकाशीं धरितो. यास आपण फेफरें म्हणतों. वैद्यकांत याचें नांव अपस्मार. मालवण किनाऱ्यावर असो वा अन्यत्र, पुष्कळदां याचा दोष दैवी कोपास किंवा मुलाच्या आईस दिला जातो. तो कितपत खरा, याचा आम्ही येथें विचार करणार आहों.

मेंदूंतील पेशी सूक्ष्म विद्युत्संदेशांनीं एकमेकींशीं बोलतात. कांहीं पेशी संदेश पुढें धाडतात, तर कांहीं त्यास आवर घालतात. दशावतारांत मृदंग केव्हां वाजवावा याइतकेंच तो केव्हां थांबवावा हें महत्त्वाचें. तसेंच येथें आहे. आवर सुटला कीं झटका येतो. याचीं कारणें अनेक: जन्मकाळची इजा, मेंदूज्वर, डोक्यास मार, आणि कित्येक मुलांत जनुकांतील बिघाड.

फ्रान्समधील डॉक्टर शार्लोत द्रावे यांनीं १९७८ सालीं एका कठीण बाल-अपस्माराचें वर्णन केलें. त्याचें मूळ एस्‌सीएन१ए नांवाच्या जनुकांत आहे, हें २००१ सालीं उघडकीस आलें. तें बिघडलें म्हणजे आवर घालणाऱ्या पेशी दुबळ्या होतात. विशेष हें कीं, अशा बहुतेक मुलांच्या आईबापांत तो बिघाड नसतो. तो मुलामध्येंच प्रथम उत्पन्न होतो. मग दोष कोणत्या कुळास द्यावा? शिवाय अपस्मारावरील कांहीं नेहमींचीं औषधें या मुलांस अपाय करितात. म्हणून जनुकांची तपासणी ही केवळ जिज्ञासा नव्हे.

समाजासमाजांत जनुकांचे भेद असतात, आणि निरुपद्रवी भेद ठाऊक असल्यावांचून घातक भेद ओळखणें कठीण. ‘जीनोम इंडिया’ या उपक्रमानें गोळा केलेली सुमारें १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती २०२५ सालीं संशोधकांस खुली झाली. तिचा या कामीं उपयोग होईल.

हिंदु विवाह कायद्यांतील अपस्माराची आडकाठी १९९९ सालीं दूर झाली. मनांतील आडकाठी दूर करणें आपल्या हातीं आहे. विद्यार्थिमित्रहो, सोबत्यास झटका आल्यास त्यास कुशीवर वळवा, तोंडांत कांहीं घालूं नका, घड्याळ पाहा. पांच मिनिटांत झटका न थांबल्यास तत्काळ रुग्णालयांत न्या. त्यानें समुद्रांत वा विहिरींत एकट्यानें उतरूं नये. पालकांनींही डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून औषध बंद करूं नये. आणि शुद्धीवर येतांच त्या मुलास प्रथम दिसावा तो मित्राचा चेहरा. हंसणाऱ्यांचा घोळका नव्हे.