हजार जणांचा ग्रुप आणि एक मेल

आपटा स्टेशन. तेच, ‘डीडीएलजे’च्या शेवटच्या सीनमधलं. दिवा-रोहा गाडीला वेळ होता म्हणून प्रोजेक्टचा ग्रुप उघडला. माणसं चार, सकाळपासून प्रश्न एकच : ‘पीपीटी कोण करतंय?’ वाचलंय सगळ्यांनी, उत्तर कुणाचंच नाही. चौघांची ही गत, तर हजार जण मिळून एक पेपर कसा लिहीत असतील?

लिहिलाय लोकांनी. १४ सप्टेंबर २०१५, सोमवार, आपल्याकडे दुपारचे ३.२०. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टनच्या ‘लायगो’ डिटेक्टरांनी जेमतेम ०.२ सेकंदांची थरथर टिपली. दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेली गुरुत्वीय लाट. तिकडे अजून उजाडायचं होतं. जर्मनीत हॅनोवरला मार्को द्रागो नावाच्या पोस्टडॉकला कॉम्प्युटरने पाठवलेला अलर्ट दिसला. सिग्नल इतका स्वच्छ, की आनंदाऐवजी शंकाच आली. त्याने अख्ख्या टीमला मेल टाकला. मतलब एवढाच : कुणी मुद्दाम खोटा सिग्नल सोडलाय का?

शंकेला कारण होतं. २०१० मध्ये असाच सिग्नल आला होता. लोकांनी महिनोन्महिने राबून पेपरसुद्धा लिहिला आणि मार्च २०११ मध्ये पाकीट उघडल्यावर कळलं, की तो परीक्षा घ्यायला गुपचूप घुसवलेला होता! (आपण ग्रुपच सोडला असता.)

या वेळी उत्तर आलं : नाही. मग पाच महिने मेल, फोनवरच्या मीटिंगा, मसुद्यांवर मसुदे. वेगवेगळ्या देशांतली माणसं, म्हणजे एकाची रात्र, दुसऱ्याची सकाळ. बाहेर काही बोलायचं नाही असं ठरलेलं. तरी ट्विटरवर अफवा फुटल्याच. पुण्याच्या ‘आयुका’तली मंडळीही यात होती. गोंगाटातून असा क्षीण सिग्नल वेचायचा कसा, यावर संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा पेपर १९९१ चा. तेव्हा लायगोचं बांधकामही सुरू झालेलं नव्हतं.

११ फेब्रुवारी २०१६ ला निकाल जाहीर झाला. पेपरवर हजाराहून जास्त नावं, आडनावांच्या क्रमाने. पहिलं ॲबट. माझं नाव आधी का नाही, हे भांडणच नाही.

आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया व्हायचंय. एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींना मंजुरी मिळाली. डिटेक्टर जितके लांब लांब, तितकं लाट आकाशात कुठून आली ते नेमकं कळतं. पुढचा तसला मेल कदाचित मराठवाड्यातूनच निघेल. ‘खोटा तर नाही ना?’ असं विचारणारी ती किंवा तो आत्ता बहुतेक एफवायला असेल.