पिशवी काढली, त्यानंतर

चाळिशीनंतरची तब्येत : लेखांक 6

अंगातून वाफा येणं, रात्री घामाघूम होऊन जाग येणं, याबद्दल गेल्या आठवड्यात वाचलंत. चार-सहा महिने सोसलं की हे आपोआप जातं, असं घराघरांत सांगितलं जातं. अमेरिकेतल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासाचा 2015 सालचा निष्कर्ष वेगळा आहे : वारंवार वाफा येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या जणींना हा त्रास सात वर्षांहून जास्त काळ होत राहिला.

पण या सगळ्या बायकांची पाळी वयानुसार गेली होती. ज्यांची पाळी ऑपरेशनच्या टेबलावर संपली, त्यांचं काय? महाराष्ट्रात हा प्रश्न टाळता येत नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या सुमारे 82 हजार बायकांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून दवाखान्यात जायचं, ‘कॅन्सर होईल’ हे ऐकून घाबरायचं. त्यात मुकादमाची उचल फेडायची असते, आणि पाळीमुळे कामाला गेलं नाही तर खाडा पडतो. या पाहणीच्या सुमारास जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांवर अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली. ते योग्यच झालं. मात्र ज्यांचं ऑपरेशन आधीच झालं होतं, त्यांच्या पुढच्या तब्येतीची चर्चा फारशी झाली नाही.

पाळी पिशवीतून येते, पण इस्ट्रोजेन तयार होतं ते अंडाशयांत. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर हे संप्रेरक एक-दोन दिवसांत कोसळतं. आपल्याकडे साधारण 46-47 व्या वर्षी येणारी रजोनिवृत्ती मग तिशीतच येते, तीही एकदम. वाफा तीव्र असतात. अंडाशयं जागेवर ठेवली तरी पुष्कळ जणींत ती अपेक्षेपेक्षा लवकर थकतात. पाळी तर आधीच बंद झालेली, त्यामुळे रजोनिवृत्ती कधी आली हे त्या बाईला कळतही नाही.

वाफा निदान जाणवतात. हाडांची झीज जाणवत नाही. रजोनिवृत्तीच्या आसपासची काही वर्षं मणक्याचं हाड दर वर्षी दोन टक्क्यांच्या आसपास घटतं, आणि याच सुमारास रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल चढतं. 46-47 ऐवजी पस्तिशीत हे सुरू झालं, तर हाडांना आणि हृदयाला इस्ट्रोजेनचं अकरा-बारा वर्षांचं संरक्षण कमी मिळतं. आणि ही बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते!

मग गेलेलं इस्ट्रोजेन भरून काढायला हार्मोन का दिले जात नाहीत? पैसा आणि अंतर ही कारणं आहेतच, पण भीतीही आहे. ती 2002 सालची. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीतला दोन हार्मोनच्या गोळीचा भाग तेव्हा मधेच थांबवला गेला. दर वर्षी 10 हजार बायकांमागे स्तनांच्या कर्करोगाचे आठ रुग्ण जास्त दिसले होते. पण त्या बायकांचं सरासरी वय होतं 63. शिवाय इस्ट्रोजेनबरोबर दुसरं हार्मोन देतात ते पिशवीच्या अस्तराला कर्करोग होऊ नये म्हणून. पिशवीच नसेल तर सहसा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, आणि त्याच चाचणीत नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत स्तनांचा कर्करोग वाढला नव्हता. त्रेसष्टीतल्या बाईची जोखीम पस्तिशीतल्या बाईला लावणं मला तरी वैद्यकातला अन्यायच वाटतो. पंचेचाळिशीआधी रजोनिवृत्ती आली असेल, तर नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावेत असंच आजच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. स्तनांचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा गंभीर आजार असेल, तर अर्थातच वेगळा विचार करावा लागतो.

‘पिशवी काढली’ एवढंच पुष्कळ जणींना माहीत असतं. अंडाशयं ठेवली की काढली, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ते शोधून फाईलला लावा. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफी आणि एफएसएच ही रक्ताची तपासणी, यांवरून बराच अंदाज येतो. यापुढे गुडघेदुखीसाठी जा की रक्तदाबासाठी, ऑपरेशन कितव्या वर्षी झालं ते डॉक्टरांना आधी सांगा, आणि हाडांची घनता मोजायची गरज आहे का, हेही त्यांना विचारा.