दिसायला सारखे, पण धोका वेगळा

किरणोत्सर्ग मोजणाऱ्या प्रयोगशाळांत फोटोमल्टिप्लायर नळीला साधारणतः एक ते दोन हजार व्होल्टचा विद्युतदाब द्यावा लागतो. तो नेणाऱ्या कोअॅक्सियल केबलला कोणता कनेक्टर बसवावा, हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. संदेशवहनासाठी सर्रास वापरला जाणारा बीएनसी सुमारे ५०० व्होल्टपर्यंतच योग्य. जुना एमएचव्ही अधिक दाब सोसतो. पण तो हुबेहूब बीएनसीसारखा दिसतो आणि जोर लावल्यास त्यात अडकतोही! शिवाय तो काढताना बाहेरचा भूसंपर्क आधी तुटून मधल्या तारेवर दाब कायम राहू शकतो. हाताळणाऱ्याला झटका बसतो तो इथेच.

एसएचव्हीमध्ये मधला संपर्क निरोधकात खोलवर दडवलेला असतो. जोडताना भूसंपर्क आधी होतो, काढताना शेवटी सुटतो. त्याची नेहमीची मर्यादा ५,००० व्होल्ट. मात्र केबल दुबळी असेल, तर ती कागदावरच राहते. या कामी भरीव पॉलिथिलीनची आरजी-५९ रूढ आहे. दूरचित्रवाणीसाठीची फेसाळ निरोधनाची केबलही याच नावाने मिळते. ती टाळावी; तिच्यातील हवेच्या पोकळ्यांत विसर्ग होऊन निरोधन हळूहळू खराब होते. कनेक्टरही केबलच्या जाडीनुसारच मागवावा. आरजी-५८ साठीचा आरजी-५९ वर नीट बसत नाही.