‘पर्यंत’ आणि इंग्रजीतील ‘बाय’, ‘अंटिल’

मराठी मजकुराचे इंग्रजी भाषांतर करताना ‘पर्यंत’ या शब्दयोगी अव्ययाजवळ क्षणभर थांबावे. मराठीत हे एकच अव्यय जे कार्य करते, ते इंग्रजीत ‘बाय’ आणि ‘अंटिल’ या दोन शब्दांत विभागलेले आहे.

नागपूर परिसरातील संत्र्यांचे उदाहरण घ्या. ‘संत्री मार्चपर्यंत तोडा’ या वाक्यात मार्च ही मुदत आहे. तोडणी त्याआधी केव्हाही झाली तरी चालते. येथे ‘बाय’ हवा. ‘संत्री मार्चपर्यंत झाडावर ठेवा’ या वाक्यातील स्थिती मात्र मार्च येईपर्यंत अखंड टिकते. येथे ‘अंटिल’ हवा. हा भेद क्रियापदाच्या स्वरूपावरून ठरतो: एकदाच पूर्ण होणारी क्रिया की टिकून राहणारी स्थिती? मराठी वाचक तो क्रियापदावरूनच ओळखतो. म्हणून एका अव्ययावर भागते. यास भाषेचे उणेपण समजू नये.

‘३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती’ येथे ‘अंटिल’ योग्य. ‘बाय’ योजल्यास त्या दिवसापूर्वी नागपूर राजधानी झालेली होती, असा अर्थ निघेल; जे संपले तेच सुरू झाल्यासारखे वाटेल. उलट, ‘१९६० च्या अखेरपर्यंत नागपूर महाराष्ट्रात समाविष्ट झाले होते’ येथे ‘बाय’च हवा.

व्याकरणदृष्ट्याही फरक आहे. ‘अंटिल’नंतर नाम येते तसे पूर्ण वाक्यही येते; ‘बाय’नंतर वाक्य थेट येत नाही, त्यासाठी ‘बाय द टाइम’ म्हणावे लागते. मराठीत ‘तो येईपर्यंत मी थांबले’ आणि ‘तो येईपर्यंत मी स्वयंपाक उरकला’ यांतील ‘येईपर्यंत’ मात्र एकच.

नकाराबाबत विशेष सावध राहावे. ‘जोपर्यंत वकील येत नाहीत, तोपर्यंत सही करू नका’ ही रचना मराठीत शुद्ध आहे; हिंदीतही ‘जब तक’सोबत असाच नकार येतो. नागपूरकरांच्या कानांवर दोन्ही भाषा असल्याने हा नकार इंग्रजीतही सहज उतरतो आणि ‘अंटिल द लॉयर डझ नॉट कम’ असे लिहिले जाते. इंग्रजीत ‘अंटिल द लॉयर कम्स’ एवढेच हवे.

स्वाध्याय: भाडेकरारातील पुढील दोन वाक्यांचे इंग्रजी भाषांतर करा व शब्दनिवडीचे कारण लिहा.
‘३१ मार्चपर्यंत खोली रिकामी करावी.’
‘३१ मार्चपर्यंत खोली रिकामी ठेवावी.’