होडीच्या इंजिनाचा चातुर्मास

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटी नावाची वसाहत आहे. 1978 साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्ड तोगूर ह्या खेड्यांच्या परिसरात 332 एकर जमिनीवर तिची उभारणी सुरू झाली. नोकरीच्या निमित्ताने सध्या मी तेथे राहतो. समुद्र शेकडो मैल दूर, आणि वसाहत समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने होडीच्या इंजिनावर बोलावे ह्याचे आपणांस नवल वाटेल. परंतु सप्टेंबर 2022 मध्ये ह्याच शहराच्या पूर्व आणि आग्नेय भागांत असा पाऊस झाला की मोठमोठ्या बंगल्यांतील माणसांना ट्रॅक्टरांवरून आणि रबरी होड्यांतून बाहेर काढावे लागले. ती दृश्ये पाहताना मला दुसरीच एक होडी आठवली.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील एका नदीकाठच्या तालुक्यात पुराच्या कामावर माझी नेमणूक होती. एका वस्तीत पाच माणसे घराच्या छपरावर अडकली होती. कोठारातील होडी काढली, मागे इंजिन चढवले आणि दोरीच्या दोन हिसक्यांत ते सुरूही झाले. आम्हां सर्वांना हायसे वाटले. दहा मिनिटांनी, ऐन प्रवाहात, जळक्या रबराचा वास आला आणि इंजिन बंद पडले. नावाड्याने वल्ह्यांच्या बळावर होडी कशीबशी काठाला आणली. दुसरी होडी येईपर्यंत दोन तास गेले. ती पाचही माणसे सुखरूप वाचली, हे आमचे भाग्य. पण त्याच इंजिनाच्या नोंदवहीत मे महिन्यात ‘पाहणी केली, सुस्थितीत आहे’ असा शेरा होता, आणि त्याखालची सही माझी होती. मी इंजिन पाहिले होते; ते चकचकीत पुसलेले होते. ते पाण्यात चालवून दाखवा, असे मात्र मी म्हटले नव्हते.

नेमके काय बिघडले होते, हे समजण्यासाठी ह्या यंत्राची रचना थोडी ध्यानात घ्यावी लागेल. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवण्याचे हे इंजिन. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड ह्या नॉर्वेजियन कारागिराने 1909 च्या सुमारास ते बाजारात यशस्वी करून दाखवले. वरच्या पेटीत इंजिन, त्यातून खाली उतरणारा उभा दांडा, आणि दांड्याच्या टोकाशी दातेरी चाकांमार्फत फिरणारा पंखा, असा त्याचा एकंदर थाट असतो.

आता कोणतेही पेट्रोल इंजिन घ्या. इंधनातील उष्णतेपैकी जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा कामी येतो. उरलेली उष्णता धुराबरोबर आणि सिलिंडरच्या भिंतींतून बाहेर पडते. स्फोटाच्या क्षणी सिलिंडरमधील वायूचे तपमान 2000 अंशांच्या पुढे जाते, आणि इंजिन ज्या ॲल्युमिनियमचे ओतलेले असते ते 660 अंशांना वितळते. म्हणजे सतत निववल्याखेरीज हे यंत्र स्वतःच्याच आगीत नष्ट व्हावयाचे. मोटारीत ह्यासाठी रेडिएटर असतो. होडीला त्याची गरज नाही, कारण तिच्याभोवती पाणीच पाणी असते.

हे पाणी वर कसे चढते? पंख्याच्या जरा वर, पाण्यात बुडालेल्या भागात, जाळीची छिद्रे असतात. त्यांच्यामागे रबरी पाकळ्यांचे एक लहानसे चाक त्याच उभ्या दांड्यावर फिरते. त्याला इंपेलर म्हणतात. ते पाणी ओढून नळीने वर ढकलते. हे पाणी सिलिंडरभोवतालच्या पोकळ्यांतून फिरून तापते आणि धुराबरोबर खाली उतरून पुन्हा नदीत किंवा समुद्रात मिसळते. त्यातील थोडे पाणी एका बारीक छिद्रातून धारेच्या रूपाने बाहेर उडते. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी. ती नीट वाहत असेल तर पाणी फिरते आहे असे समजावे. ती तुटली तर तत्काळ इंजिन बंद करावे.

मौज अशी की ह्या रबरी चाकाला वंगण लागते ते पाण्याचेच. कोरडे फिरवले तर अर्ध्या-पाऊण मिनिटातही त्याच्या पाकळ्या घासून जळू लागतात. आणि फिरवलेच नाही, तर वाकलेल्या पाकळ्या महिनोन्‌महिने त्याच स्थितीत राहून ताठरतात, आणि मग पहिल्याच खऱ्या श्रमाला तुटतात. आमच्या इंजिनाचे हेच झाले होते. त्या दोन तासांचे मूळ तळहाताएवढ्या एका रबरी चाकात होते.

समुद्रात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. इंजिन थांबले की आत राहिलेले पाणी वाळते आणि क्षारांचा थर पोकळ्यांत बसतो. थरावर थर चढून वाट अरुंद होते, पाणी कमी फिरते, उष्णता वाढते आणि उष्णतेने थर अधिक जमतो. शिवाय खाऱ्या पाण्यात दोन निरनिराळे धातू एकत्र आले की त्यांतील एक झिजू लागतो. तो इंजिनाचा असू नये म्हणून जस्ताचा एक तुकडा बाहेरून बसवलेला असतो. इंजिनाऐवजी झिजून जाणे एवढेच त्याचे काम. हौसेने त्याच्यावर रंग चढवणारे लोक त्याला निरुपयोगी करून टाकतात.

थंड देशांत ह्या इंजिनांची विश्रांती हिवाळ्यात असते. तेथे मुख्य भय गोठण्याचे, कारण पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते आणि आत राहिलेले पाणी धातूचे ओतीव कवच तडकवते. आपल्या कोकणात हिवाळा हा कामाचा काळ, विश्रांती पावसाळ्यात. 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करण्याची कोळी बांधवांची परंपरा तर फार जुनी. ह्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि इंजिने घरात. येथे बर्फाचे भय नाही. भय आहे ते मिठाचे, दमट हवेचे आणि शिळ्या इंधनाचे.

तेव्हा ह्या चातुर्मासाची तयारी कशी करावी? पहिले काम गोड्या पाण्याचे स्नान. मोठ्या पिंपात पाण्याची छिद्रे पूर्ण बुडतील इतके गोडे पाणी भरून इंजिन मंद गतीने दहा मिनिटे चालवावे. ते पुरेसे तापले म्हणजेच आतला थर्मोस्टॅट उघडतो आणि पाणी सर्व पोकळ्यांत पोचते. म्हणून घाई करू नये. दुसरे, इंधन. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. टाकी रिकामी करावी, आणि कार्बोरेटर असलेल्या इंजिनात नळी काढून आतले इंधनही संपू द्यावे. तिसरे, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि हाताने चाक काही वेळा फिरवावे, पण नेहमीच्या दिशेनेच. उलटे फिरवल्यास रबरी पाकळ्या दुमडतात.

चौथे, खालच्या दातेरी चाकांचे तेल. ते बाहेर काढून पाहावे. दुधासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजून गळपट्टी बदलावी. नवे तेल खालच्या छिद्रातून वर चढवत भरावे, म्हणजे हवा अडकत नाही. शेवटी इंजिन आडवे न टाकता उभे टांगावे, म्हणजे उरलेले पाणी निथळते. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये. आत ओल धरते. आणि धारेच्या छिद्रावर लक्ष ठेवावे. कुंभारमाशीला तेथे मातीचे घर बांधण्याची फार आवड!

ही झाली मासेमारीच्या इंजिनाची दिनचर्या. पुरासाठी ठेवलेल्या इंजिनाचे पंचांग मात्र नेमके उलटे असते. कोळ्याचे इंजिन पावसाळ्यात निजते. पुराचे इंजिन वर्षभर निजून पावसाळ्यात एकदाच, कोणतीही पूर्वसूचना न देता उठवले जाते. म्हणून त्याला अखंड झोप देऊ नये. महिन्यातून एकदा पिंपात चालवावे, धार पाहावी, इंधन ताजे ठेवावे, आणि पावसाळ्यापूर्वी इंपेलर उघडून तपासावा. शंका वाटली तर बदलावा. त्याची किंमत संपूर्ण इंजिनाच्या मानाने क्षुल्लक असते, आणि छपरावर वाट पाहणाऱ्या माणसाच्या मानाने तर काहीच नसते.

त्या घटनेनंतर ‘सुस्थितीत’ हा शब्द मी नोंदवहीत लिहिण्याचे सोडून दिले. इंजिन किती मिनिटे चालवले आणि धार अखंड होती की नाही, एवढेच लिहितो. आणि ते समोर उभे राहून पाहिल्याशिवाय सही करीत नाही.