समुद्री टाकीतले शेवाळ

• हुबळी-धारवाडच्या नळाला मुख्यतः मलप्रभेवरच्या रेणुकासागर जलाशयाचे पाणी येते. टाकीत ते थेट नको: क्लोरीन माशांना घातक असते आणि विरघळलेले क्षार शेवाळाची अडचण वाढवतात. आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्यात समुद्री मीठ मिसळावे, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षारता येईपर्यंत.

• तपकिरी थर : डायटम. नव्या टाकीत, सिलिकेटमुळे. बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो.

• हिरवे केसाळ शेवाळ : खरी डोकेदुखी हीच. नायट्रेट-फॉस्फेटवर पोसते, उगम बहुतेकदा उरलेले खाद्य आणि माशांची विष्ठा. हाताने उपटावे, खाद्य कमी करावे, आठवड्याला साधारण १० टक्के पाणी बदलावे, दिवा ८ तासांवर आणावा. शेवाळखाऊ गोगलगायी मदतीला. दोन्ही पोषके मात्र शून्यावर नेऊ नयेत. प्रवाळांनाही ती थोडी लागतात.

• लाल बुळबुळीत थर : शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया. पाण्याचा प्रवाह मंद असतो तिथे जमतो.

• जांभळा कठीण थर : कोरलाइन शेवाळ. खडकावर असू द्यावे.

• कायदा : २००१पासून सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. नेत्राणी बेटाजवळून किंवा मालवणच्या समुद्रातून टाकीसाठी प्रवाळ काढून आणणे हा गुन्हा आहे.